पोर्टोलाचं रान आणि कावळ्याचा घास

शुक्रवार

आई एप्रिलमध्ये आमच्याकडे आली, तेव्हाच जूनचं आरक्षण हातात होतं. कॅलिफोर्नियातल्या स्टेट पार्कांमधल्या मुक्कामाच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. डिसेंबरात एका सकाळी आठाच्या ठोक्याला नवरा आणि मी दोन लॅपटॉप उघडून बसलो होतो. दोन रात्रींची एक जागा मिळाली. पोर्टोला रेडवुड्स स्टेट पार्क.

आम्ही राहतो त्या सनीव्हेलहून हे रान तीस मैलांच्या आसपास आहे. नकाशात जवळ दिसतं, पण गाडीने सव्वा तास तरी धरावा. पेज मिल रोडने डोंगर चढायला लागलं की वळणावर वळण सुरू होतं. वर स्कायलाइन नावाचा रस्ता डोंगराच्या कण्यावरून जातो. तो ओलांडला की तोच रस्ता अल्पाइन रोड होतो आणि मग डावीकडे पार्कचा अरुंद रस्ता खाली दरीत उतरतो. पेट्रोल खालीच, शहरात भरून घ्यावं. डोंगरावर पंप नाही. फोनची रेंज स्कायलाइनच्या थोडं पुढे गेल्यावर जाते ती परत येताना तिथेच भेटते. घरच्यांना तसं आधी सांगून ठेवावं. आम्ही पुण्याला धाकट्या मावशीला सांगून ठेवलं होतं, म्हणून दोन दिवस तिला घोर लागला नाही.

स्कायलाइनवर लख्ख ऊन होतं आणि सोनेरी वाळलेलं गवत. पुढे उतार लागला, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ आली आणि पाचच मिनिटांत गाडीतला उजेड बदलला. आई मागच्या सीटवर दोन नातवंडांच्या मध्ये बसली होती. ती काच खाली करून वर बघायला लागली. शेंडा काही दिसेना. “अगं, संपतंय कुठे हे झाड?” एवढंच म्हणाली.

कोस्ट रेडवुड हे जगातलं सगळ्यात उंच वाढणारं झाड. उत्तर कॅलिफोर्नियात एक झाड ३८० फुटांवर गेलेलं आहे. पोर्टोलातली झाडं त्याहून कमी उंचीची आहेत, पण खाली उभं राहिलेल्या माणसाला त्या फरकाने काही कमी-जास्त वाटत नाही.

प्रवेशाच्या कार्यालयात रेंजर बाई होत्या. नाव लिहून घेतलं, सरपणाची मोळी दिली (बाहेरचं लाकूड आणू नये, त्यातून किडे आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात), आणि मग त्यांनी अन्नाचा विषय काढला. इथे ‘क्रंब क्लीन’ नावाची मोहीम आहे. क्रंब म्हणजे अन्नाचा कण. जेवणाच्या जागी एकही कण मागे ठेवायचा नाही. पक्ष्यांना, खारींना काही घालायचं नाही. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा झाडाखाली ओतायचं नाही. खाण्याचं सगळं सामान लोखंडी पेटीत आणि पेटीला कडी.

मी आईला मराठीत सांगत होते. ती मान हलवत होती, पण “पक्ष्यांना काही घालायचं नाही” या वाक्याला तिची मान थांबली. “का म्हणे?” मी म्हटलं, मुक्कामावर गेल्यावर सांगते.

त्या ‘का’चं उत्तर मलाही तेव्हा अर्धंच माहीत होतं.

आमची जागा ओढ्याकडच्या बाजूला होती. एक लाकडी टेबल, त्याला जोडलेली बाकं, जाळी टाकलेलं चुलीचं लोखंडी कडं आणि कोपऱ्यात ती पेटी. तंबू लावायच्या जागेवर रेडवुडच्या सुयांचा इतका जाड थर होता की पाय टाकला की गादीसारखा दबायचा. नवरा आणि मोठा तंबूच्या काठ्या जोडत होते, धाकटी मेखा मोजत होती. मी टेबलावर भडंगाचा डबा उघडला. सांगलीची भडंग, आईने येताना आणलेली. मुलांना दोन मुठी दिल्या आणि गाडीतून पाण्याचा कॅन आणायला वळले.

पाठीमागे खडखड आवाज आला. टेबलावर एक पक्षी उभा होता. गडद निळं अंग, काळं डोकं आणि डोक्यावर काळा तुरा. स्टेलर्स जे. त्याने डब्यात चोच घातली, मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि एक शेंगदाणा घेऊन फांदीवर गेला. तोवर दुसरा आला. त्याने डबा कलंडवला. चुरमुरे टेबलावर, बाकावर, खाली सुयांच्या थरात. तिसरा वरून कर्कश ओरडत होता, बाकीच्यांना वर्दी द्यावी तसा.

आई तोंड भरून हसली. “हा तर आपल्या कावळ्याचाच भाऊबंद!”

तिने अगदी बरोबर ओळखलं. जे हा पक्षी कावळ्याच्याच कुळातला आहे. चोचीची ठेवण, मान वाकडी करून बघणं, हुशारी, सगळं तेच. आणि तिने सवयीने खाली पडलेले चार चुरमुरे उचलून तळहातावर धरले.

इथे थोडं मागे जायला हवं. बाबा जाऊन चार वर्षं झाली. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आई तेव्हापासून रोज दुपारी पान वाढायच्या आधी पडवीच्या कठड्यावर भाताचा एक घास ठेवते. कावळा येतो, घास नेतो, मग ती जेवायला बसते. बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला फार वेळ लागला होता, आणि तो शेवटी आला तेव्हा आई पहिल्यांदा रडली होती. सनीव्हेलला आमच्या घराच्या गॅलरीतही ती रोज तसाच घास ठेवते. तेव्हा त्या तळहातावरच्या चुरमुऱ्यांचा अर्थ मला कळत होता, आणि तरी मला तिचा हात धरावा लागला.

“आई, इथे नको.”

ती काही बोलली नाही. चुरमुरे तिने मुठीत मिटले.

मग आम्ही पाचही जणांनी ते वेचले. भडंगाचे चुरमुरे तेलाने तांबूस झालेले, रेडवुडच्या वाळक्या सुयाही तांबूस. उजेड कमी होत गेला तसं दिसेना, म्हणून डोक्याला बांधायचे दिवे लावले. धाकटीचे डोळे सगळ्यांत तीक्ष्ण. “आजी, तुझ्या चपलेखाली एक!” अर्धा तास गेला. रात्री पिठलं-भात केला, ताटांतलं खरकटं कागदाने पुसून कचऱ्याच्या पिशवीत घातलं आणि भांडी स्वच्छतागृहाजवळच्या मोरीवर नेऊन घासली. पिठलं हा या कामासाठी उत्तम पदार्थ आहे, ताटाला चिकटतो आणि उडत नाही. चुरमुरे, शेव, फरसाण असलं काही मी आता कुणालाही रेडवुडमध्ये न्यायला सांगणार नाही.

शनिवार

पहाटे पाऊस पडतोय असं वाटून जाग आली. तंबूवर टप टप टप. चेन उघडून बघते तर आमच्या तंबूवरच पाणी पडतंय आणि समोरचा रस्ता कोरडा. पाऊस नव्हताच. रात्री समुद्रावरून धुकं दरीत शिरलं होतं, ते वरच्या पानांत अडकलं आणि त्याचे थेंब होऊन खाली येत होते. कॅलिफोर्नियाच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात पाऊस जवळपास पडतच नाही. रेडवुड त्या महिन्यांत धुक्यावर भागवतात. पानांवाटे थोडं पाणी थेट पितात, बाकीचं मुळांवर ठिबकतं. ही झाडं किनाऱ्याच्या धुक्याच्या पट्ट्याबाहेर सहसा जात नाहीत ती म्हणूनच.

आईने शालीतून हात बाहेर काढून एक थेंब झेलला. “स्वतःचा पाऊस स्वतःच पाडतंय की झाड.”

सकाळी पोहे. होय, भडंगाचा अनुभव ताजा असताना पोहेच, कारण ते आधीच ठरले होते आणि कांदे चिरून आणले होते. पण या वेळी टेबलावर जुनी चादर अंथरली, प्रत्येकाने ताट मांडीवर न घेता चादरीवर ठेवून खाल्लं आणि शेवटी चादरीची चार टोकं धरून ती पिशवीत झटकली. ही युक्ती आईची. दोन निळे जे समोरच्या फांदीवर बसून सगळा कार्यक्रम बघत होते.

नऊ वाजता रेंजर बाई पायी फेरी मारत आल्या. आईने मला ढोसलं, “विचार ना त्यांना ते पक्ष्याचं.” मी विचारलं, आणि त्या बाकाच्या कडेला टेकून जवळजवळ वीस मिनिटं बोलल्या. त्यांचं इंग्रजी, माझं मराठी, आणि मध्ये आईचे प्रश्न.

गोष्ट आहे मार्बल्ड मर्लेट नावाच्या पक्ष्याची. साळुंकीएवढा असतो. हा समुद्रपक्षी. आयुष्यभर पाण्यावर राहतो, बुडी मारून मासे पकडतो. पण अंडं घालायला मात्र तो समुद्र सोडून मैलोन् मैल आत, जुन्या जंगलात येतो. घरटं बांधत नाही. शेकडो वर्षांच्या झाडाला उंचावर जी हातभर रुंद, शेवाळलेली फांदी असते, तिच्यावरच्या खोलगट जागेत मादी एक अंडं घालते. एकच. नर-मादी आळीपाळीने उबवतात, आणि पिल्लू बाहेर आलं की अंधारात समुद्राकडे जाऊन चोचीत मासा धरून परत येतात. पक्षी माहीत असूनही त्याचं घरटं कुठे असतं हे इथल्या पक्षीशास्त्रज्ञांना फार काळ ठाऊक नव्हतं. १९७४ साली इथून जवळच्याच बिग बेसिन पार्कमध्ये झाडाच्या फांद्या छाटायला वर चढलेल्या एका कामगाराला दीडशे फुटांच्या आसपास ते पिल्लू बसलेलं सापडलं, तेव्हा उलगडा झाला.

आता जंगलं तोडली गेल्यामुळे अशी रुंद फांदी असलेली झाडंच थोडी उरली आहेत. आणि जी उरली आहेत त्यांच्याच खाली माणसांनी तंबू ठोकायच्या जागा केल्या आहेत. तिथे अन्न सांडतं. सांडलेल्या अन्नावर निळे जे येतात, त्यांची संख्या रानातल्या इतर भागापेक्षा कितीतरी जास्त होते. हा जे पक्षी सगळं खातो, त्यात दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लंही. टेबलावरून चुरमुरा उचलून तो वर जातो, फांद्या धुंडाळतो आणि तिथे त्याला ते एकुलतं एक अंडं दिसतं. मर्लेट १९९२ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

मी हे सगळं मराठीत आणत असताना आई माझ्याकडे नाही, वर बघत होती.

“एकच अंडं घालते?” तिने पुन्हा विचारलं.

“एकच.”

रेंजर बाई गेल्या. नवऱ्याने चहा टाकला. आई बराच वेळ चहाचा कप हातात धरून बसली होती, पीत नव्हती.

दहाच्या सुमारास आम्ही सिक्वोया ट्रेलने निघालो. ही वाट पेस्काडेरो क्रीक ओलांडून जाते, सोपी आहे, आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी कमी, त्यामुळे मुलं दगडांवरून उड्या मारत गेली. ओढ्याकाठचा खडक वाळूचा आहे आणि त्यात शिंपल्यांचे ठसे दिसतात. हा सगळा मुलूख कधीकाळी समुद्राखाली होता. मोठ्याने एक ठसा बोटाने चाचपून पाहिला आणि मग जो खाली बसला तो उठेचना. अकरा वर्षांच्या मुलाला शनिवारी सकाळी एका दगडापाशी पाऊण तास बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

वाटेच्या दोन्ही अंगांना जमीन झाकून टाकणारी एक वनस्पती होती. तीन-तीन बदामी पानं, पोपटी. आई वाकली. “आंबुशी!”

आंबुशीच ती, म्हणजे तिची इथली बहीण. रेडवुड सॉरेल. दोघी एकाच कुळातल्या, हिची पानं मात्र आपल्या अंगणातल्या आंबुशीच्या कितीतरी पट मोठी. इथे पान तोडायचं नाही म्हणून चव कुणी पाहिली नाही, पण आईने सांगितलं की लहानपणी ती आणि तिच्या बहिणी आंबुशीची पानं मीठ लावून खायच्या. आम्ही तिथेच थांबलेलो असताना वरून उन्हाची एक तिरीप त्या पानांवर पडली. धाकटी ओरडली, “आई, बघ बघ, मिटतायत!” खरंच मिटत होती. सावलीत आडवी पसरलेली पानं ऊन लागताच छत्री मिटावी तशी खाली दुमडत गेली. तिरीप पुढे सरकली तशी पुढच्या पानांची पाळी. इतक्या दाट सावलीला सरावलेल्या पानाला थेट ऊन सोसत नाही. आम्ही पाचही जण वाटेवर उकिडवे बसून ते बघत होतो. मागून आलेलं एक जोडपंही आमच्या शेजारी बसलं.

तीन पानांचीच आणखी एक वनस्पती मात्र लांबून ओळखायला शिकवावी लागली. पॉयझन ओक. बेलासारखं त्रिदळ, तुकतुकीत, कुठे झुडूप तर कुठे झाडावर चढलेला वेल. तिच्या तेलाने अंगावर फोड येतात. मी मुलांना सांगत होते तर आई म्हणाली, “म्हणजे बिब्बा उततो तसं.” नेमकं तसंच, कारण दोन्ही एकाच कुळातली आहेत, आणि आंबाही त्याच कुळातला. हापूसच्या चिकाने ओठाला फोड येतो तो याच नात्यातला. कोकणातल्या माणसाला पॉयझन ओक समजावायला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही.

पुढे एक बुंधा लागला. खोली मावेल एवढा रुंद, वरून सपाट, काळवंडलेला. त्याच्या अंगात दोन खाचा होत्या. लाकूडतोडे त्या खाचांत फळी बसवून तिच्यावर उभं राहत आणि मुळाकडचा फुगलेला भाग सोडून वर करवत चालवत. एकोणिसाव्या शतकात या डोंगरांमधली झाडं तोडून सॅन फ्रान्सिस्को शहर उभं राहिलं, आणि १९०६च्या भूकंपानंतर पुन्हा बांधायलाही रेडवुडच लागलं. जुन्या रेडवुड जंगलातलं आज पाच टक्क्यांच्या आसपास उरलं आहे. ते उरलं यामागे सॅन होझेचा एक छायाचित्रकार आहे, अँड्र्यू हिल. १८९९-१९००च्या सुमारास तो फेल्टनजवळच्या मोठ्या झाडांचे फोटो काढायला गेला, तर जंगलाच्या मालकाने त्याला हुसकलं. त्या रागातून त्याने माणसं जमवली, १९०० मध्ये सेम्परव्हायरेन्स क्लब काढला आणि दोन वर्षांत सरकारकडून बिग बेसिनचं रान राखून घेतलं. कॅलिफोर्नियाचं ते सगळ्यांत जुनं स्टेट पार्क. पोर्टोलाची जमीन सरकारकडे आली ती बरीच नंतर, १९४५ मध्ये.

बुंध्याभोवती गोल रिंगण करून सात रेडवुड उभे होते. तोडलेल्या झाडाच्या मुळातून फुटलेले कोंब, आता शंभर फुटांवर गेलेले. “केळीसारखं,” आई म्हणाली. केळ तोडली की बाजूने पिल्लं येतात, तसंच. बियांपेक्षा असं मुळातूनच हे झाड जास्त वाढतं. २०२०च्या ऑगस्टमध्ये विजा पडून या डोंगरात वणवा लागला, ८६ हजार एकरांवर रान जळालं, बिग बेसिन तर जवळपास सगळंच. तिथे वर्षभरातच कोळसा झालेल्या खोडांना खालपासून वरपर्यंत हिरवी लव फुटली होती. आम्ही ते नंतर जाऊन पाहिलं आहे. त्या वणव्यात पोर्टोला बरंचसं वाचलं.

धाकटीने वाटेवर एक शंकू उचलला होता. एवढ्या प्रचंड झाडाचा शंकू आवळ्याहून लहान. तिने तो खिशात घातला. मी काही म्हणायच्या आत आजीनेच हात पुढे केला. “दे इकडे. आपल्या गावच्या देवराईतून मी तुझ्या आईला कधी वाळकी काटकी आणू दिली नाही. हीपण देवराईच.” धाकटीने विचारलं, “इथला देव कुठे आहे?” आजी म्हणाली, “असेल. आपण शंकू ठेवू.” शंकू जागेवर गेला.

टिपटो फॉल्सची वाट आम्ही अर्ध्यावर सोडली, गुडघे बोलायला लागले होते. ज्यांचे पाय तगडे आहेत त्यांनी पीटर्स क्रीकच्या जुन्या झाडांपर्यंत जाऊन यावं, पण तो पूर्ण दिवसाचा, चढ-उताराचा रस्ता आहे. पाणी भरपूर घेऊन पहाटेच निघावं. नवरा आणि मोठा पुढच्या वर्षी जाणार म्हणतात.

दुपारी मुक्कामावर जेवण. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. रात्रीचा थोडा भात उरला होता तो आईने कालवला. ताट वाढून घेतल्यावर तिने नेहमीसारखा एक घास बाजूला काढला. आम्ही सगळेच गप्प झालो. नवरा हलकेच म्हणाला, “आई, गाडीत ठेवू या का? संध्याकाळी खाली शहरात...”

“नको हो,” ती म्हणाली. घास तिने ताटाच्या कडेला ठेवला, हात जोडले, डोळे मिटले. वरच्या फांदीवर निळा जे आलाच होता. तो एका फांदीने खाली आला, मग आणखी एका. आईने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि ताटाभोवती दुसरा हात धरून जेवायला लागली. सगळ्यांत शेवटी तो घास तिने स्वतः खाल्ला.

नंतर भांडी घासताना ती माझ्याशी बोलली. “तुझ्या बाबांना कुणाचं अंडं मोडून दिलेला घास गोड लागला नसता.”

तिच्याशी वाद घालायला, समजूत काढायला मी मनात काय काय जमवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पाखरासाठी घास काढला, त्यालाच हे सगळ्यांत आधी कळलं. आपल्याकडे घास काढतात तो स्वतःच्या भुकेआधी दुसऱ्या जिवाचा विचार व्हावा म्हणून. इथे तोच विचार हात आखडून करावा लागतो. मी पंधरा वर्षं या देशात राहते, नियम पाळते, पण त्या नियमामागे हे आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी शेकोटी. कणसं निखाऱ्यांवर भाजली, आणि भाजलेल्या कणसाचा एकही दाणा खाली पडू नये म्हणून मुलांनी ती चादरीवर बसून खाल्ली. थंडी दहा अंशांपर्यंत उतरली. लोकरी टोपी, मोजे, जाड पांघरूण जूनमध्येही लागतंच. आईला आम्ही तंबूत फुगवायची गादी, तिच्यावर चटई आणि वर घरची गोधडी अशी निजायची सोय केली होती. वयस्कर माणसांना नेणार असाल तर स्लीपिंग बॅगच्या भरवशावर राहू नका. पाय दुमडून, कुशीवर निजायची सवय असलेल्याला त्या पिशवीत झोप येत नाही.

रात्री दहाला शेकोटी पाणी ओतून विझवली, राख हाताला गार लागेपर्यंत ढवळली.

रविवार

रेंजर बाईंनी सांगितलं होतं की मर्लेट दिसणं कठीण, पण ऐकायचा असेल तर सूर्योदयाच्या पाऊण तास आधी बाहेर येऊन बसा आणि बोलू नका. सूर्योदय पावणेसहाच्या सुमाराला. पावणेपाचला गजर लावला. मुलं उठली नाहीत, नवरा त्यांच्यापाशी थांबला. आई आणि मी शाली गुंडाळून बाकावर जाऊन बसलो.

काळोख होता म्हणजे काय होतं ते सांगते. हात दिसत होता, पण बोटं मोजता येत नव्हती. धुकं शेंड्यांपर्यंत उतरलेलं, टप टप चालूच. ओढ्याचा आवाज. हळूहळू खोडं वेगळी दिसायला लागली, आधी जवळची, मग त्यांच्या मागची. एक पक्षी लांब, एकाच सुरात शीळ घालून थांबायचा, मग दुसऱ्याच सुरात. तो मर्लेट नव्हता, तो थ्रशच्या जातीतला. आईने माझा हात तिच्या शालीत ओढून घेतला होता.

पाच वाजून दहा-बारा मिनिटं झाली असतील. वर, धुक्याच्याही वर, ‘कीर! कीर!’ असा आवाज आला. समुद्रावरच्या कुरव पक्ष्याची असावी तशी तीक्ष्ण साद, रानात अगदी परकी. दोनदा डोक्यावर, मग तिसऱ्यांदा पश्चिमेकडे, बारीक. संपलं. दिसलं काहीच नाही. तो पक्षी मोटारीच्या वेगाने उडतो, आणि समुद्र तिथून सरळ रेषेत दहा-बारा मैलांवर आहे. आमच्या बाकावर पुन्हा ओढ्याचा आवाज येईपर्यंत तो अर्ध्या वाटेवर असेल.

आई कुजबुजली, “मासा आणायला गेली.”

उजाडेपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. पुन्हा आवाज आला नाही.

आवराआवर लवकर झाली. दुपारी बाराला जागा सोडायची असते. तंबू ओला होता तसाच गुंडाळला, घरी गॅलरीत वाळवायला. निघताना कार्यालयात रेंजर बाईंना सांगितलं, तर त्यांनी वेळ आणि दिशा नीट विचारून घेतली, आणि आईकडे बघून दोन्ही हातांनी टाळी दिल्यासारखं केलं. आईनेही दिली.

पण त्याआधी, सामान गाडीत चढल्यावर, आईने जागेची एक शेवटची फेरी मारली. चुलीपाशी वाकली, टेबलाच्या फटीत केसातला आकडा घालून काहीतरी उकरलं, बाकाखाली गुडघे टेकले. धाकटी तिच्या मागे मागे. दोघींनी मिळून शनिवारच्या पोह्यांतली एक मोहरी, दोन कण दशमीचे आणि शुक्रवारचा एक चुरमुरा शोधला. ते आईने रुमालाच्या टोकात बांधलं.

आम्ही गाडीत बसलो तेव्हा निळा जे टेबलावर उतरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत गेला, फटीत चोच घालून पाहिली, बाकावर आला, खाली उतरून सुया उकरल्या. पुन्हा टेबलावर चढून त्याने मान वाकडी केली, आमच्याकडे बघितलं आणि रिकाम्या चोचीने ओढ्यापलीकडे उडून गेला.